मीटिंगमध्ये कोणी तोंड उघडत नाही, माणसं टिकत नाहीत; नव्या शिफ्ट इनचार्जने सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. अंबड एमआयडीसीतल्या एका ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात तीन महिन्यांपूर्वी तुम्ही शिफ्ट इनचार्ज झालात. हाताखाली चाळीस माणसं, वर्षभरात अकरा जण सोडून गेलेले. पाळी सुरू होताना उभ्या उभ्या मीटिंग होते, त्यात ‘कुणाला काही अडचण?’ असं विचारलं की सगळे आपापल्या सेफ्टी शूजकडे बघतात. एचआरने वाढदिवसाचा केक आणि भिंतीवर ‘महिन्याचा मानकरी’ करून पाहिलं, फरक शून्य. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, ‘मी ओरडत नाही, शिव्या देत नाही, तरी माझ्याशी कोणी खरं का बोलत नाही?’

मी ओरडायचो. शिव्याही द्यायचो. तेव्हा या विषयातलं मला जे कळतं ते वाईट बाजूने कळलेलं आहे, असं समजून वाचा.

२९ वर्षं मशीन शॉपमध्ये गेली. भोसरीत ट्रेनी म्हणून लागलो, चाकणला प्लँट हेड होऊन बाहेर पडलो. मधल्या काळातली एक सेकंड शिफ्ट सांगतो. डिस्पॅचची गाडी गेटवर उभी, कस्टमरचा फोन माझ्या कानाला, आणि आयटीआय होऊन जेमतेम वर्ष झालेला एक ऑपरेटर हातात तीन जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेले भाग, घेऊन समोर आला. ‘सर, इन्सर्ट बदलल्यावर ऑफसेट द्यायचा राहिला. तीन बोअर ओव्हरसाइज गेले.’ म्हणजे कापणारं पातं बदलल्यावर मशीनला नवं माप द्यायचं राहिलं आणि तीन जॉबची भोकं मोठी झाली. मशीन त्याने थांबवलं होतं, खराब पीस वेगळे काढले होते आणि स्वतःच्या पायांनी सांगायला आला होता. याहून जास्त माणसाने काय करायचं? मी फोनवर हात ठेवला आणि चार लोकांसमोर त्याला विचारलं, डोळे घरी ठेवून आलास का. दुसऱ्या दिवशी मेमो.

पुढच्या महिन्यापासून त्या लाइनचं रिजेक्शन, म्हणजे बाद मालाचं प्रमाण, कमी झालं. मी रिव्ह्यूमध्ये ग्राफ दाखवून शाबासकी घेतली. फोर्जिंगचा, म्हणजे कच्च्या मालाचा, हिशेब थोडा जुळत नव्हता, तो आम्ही ‘काउंटिंग मिस्टेक’ म्हणून लिहून टाकत होतो. चारेक महिन्यांनी त्याच मशीनची कूलंटची (धातू कापताना गार ठेवायला सोडतात त्या द्रवाची) टाकी साफ करायला काढली. सडलेल्या कूलंटचा वास ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको. मेंटेनन्सवाला तळाच्या गाळात हात घालून चिप्समधून एकेक जॉब वर काढत होता आणि फरशीवर मांडत होता. साठपर्यंत मोजले, मग सोडून दिलं. आजूबाजूला उभं असलेलं कोणी काही बोललं नाही. तो मुलगा तर मेमोनंतर महिन्याभरातच सोडून गेला होता. ते जॉब त्याचे नव्हते. त्या संध्याकाळी माझं बोलणं ज्यांनी ऐकलं, त्यांचे होते.

तुमच्या लोकांचं गप्प बसणं याच जातीचं असावं. एखाद्याने वाईट बातमी आणली की पुढच्या दहा सेकंदांत त्याचं काय होतं, एवढंच माणसं बघतात आणि ते वर्षानुवर्षं विसरत नाहीत. तुमच्या खुर्चीत आधी जो बसला होता, त्याच्या वेळचे दहा सेकंदही त्यांच्या खात्यात जमा आहेत. तुम्ही ओरडत नाही हे त्यांनी पाहिलंय. पण गाडी गेटवर उभी असताना आणि वरून फोन चालू असताना तुम्ही काय करता, हे कदाचित अजून पाहिलेलं नाही. तो दिवस येईल तेव्हा तोंडातून पहिलं वाक्य काय निघणार, ते आत्ताच ठरवून ठेवा. मी नंतर एक ठरवलं होतं: ‘मशीन थांबवलंस ना? बरं केलंस. किती झाले?’ सुरुवातीला हे बोलताना माझे दात आवळलेले असायचे आणि ते सगळ्यांना कळायचं. तरी चाललं.

‘कुणाला काही अडचण?’ हा प्रश्न मात्र बंद करा. चाळीस जणांत हात वर करायचा म्हणजे कुणाचं तरी नाव घ्यायचं. त्यापेक्षा मशीनपाशी जा, शक्यतो थर्ड शिफ्टला, आणि ज्याचं उत्तर ‘ठीक आहे’ असं देताच येणार नाही असं काही विचारा. काल सगळ्यात जास्त वेळ कशात गेला? कुठल्या गेजवर (मापाच्या साधनावर) तुझा भरवसा नाही?

मला पहिलं खरं उत्तर मिळालं ते स्टुलामुळे. आमच्या आधीच्या साहेबांनी ‘ऑपरेटर झोपतात’ म्हणून मशीनजवळची स्टुलं उचलून स्टोअरच्या माळ्यावर टाकली होती. सायकल टाइम साडेतीन मिनिटांचा. जॉब लावायचा, दरवाजा ओढायचा आणि साडेतीन मिनिटं नुसतं उभं राहायचं, असं आठ तास. पन्नाशीतले एक मामा होते, गुडघे गेलेले. ते तेलाचा रिकामा डबा पालथा घालून टेकायचे आणि मी दिसलो की तो पायाने मशीनखाली सारायचे. मला दिसायचं. मीही न बघितल्यासारखं करून पुढे जायचो. असं जवळजवळ वर्ष चाललं असेल. एके दिवशी सांगून सगळी स्टुलं खाली आणवली. तिसऱ्या दिवशी मामांनी मला हाक मारली आणि म्हणाले, ‘साहेब, रात्री दोननंतर या चकचं (जॉब धरणाऱ्या पकडीचं) प्रेशर उतरतं, जॉब जरासा सरकतो. सकाळी मेंटेनन्सवाले बघतात तेव्हा सगळं बरोबर असतं.’ आम्ही सहा महिने ज्या रनआउटसाठी (जॉब वेडावाकडा फिरण्याच्या दोषासाठी) फाइव्ह व्हाय, म्हणजे पाच वेळा ‘का?’ विचारून मूळ शोधायचा तक्ता, भरत होतो, त्याचं कारण ते होतं.

गंमत म्हणजे उभ्याने काम करणाऱ्या कामगाराला मधे जमेल तसं टेकता यावं म्हणून बसायची सोय ठेवा, हे १९४८ च्या कारखाना कायद्यातच लिहिलेलं होतं, कलम ४४. कायद्याने सांगितलेली गोष्ट आम्ही साठेक वर्षांनी केली, तिला ‘अर्गोनॉमिक्स’ असं नाव दिलं आणि कायझन (छोट्या सुधारणांच्या) स्पर्धेत पाठवली. बक्षीस मिळालं! ते घ्यायला मी मामांना पाठवलं.

आता जो भाग कुणी आधी सांगत नाही तो. लोक बोलायला लागले की तुमचे आकडे बिघडणार. आमचं रिजेक्शन दोन महिन्यांत दीड टक्क्यावरून पावणेतीनवर गेलं. बाद मालाचे लाल डबे भरून वाहायला लागले, कारण कूलंटच्या टाकीत जाणारा माल आता डब्यात पडत होता. वरून विचारणा सुरू झाली: तुमचं शॉपवर लक्ष आहे ना? बहुतेक चांगले इनचार्ज इथेच कोसळतात. आकडा खाली आणायच्या दडपणाखाली ते एकदा, फक्त एकदाच, कुणावर तरी उखडतात आणि सगळं पुन्हा टाकीच्या तळाशी जातं.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांमधल्या औषध देण्याच्या चुकांचा अभ्यास केला होता. चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील, असं धरून त्या गेल्या होत्या. आकडे उलटे आले, चांगल्या टीमच्या नावावर जास्त चुका. खोलात गेल्यावर उलगडा झाला तो असा की तिथल्या नर्सना चूक सांगायची भीती नव्हती, म्हणून ती नोंदली तरी जात होती. मला हे वाचायला मिळालं ते निवृत्तीच्या जवळ. आधी मिळालं असतं तर निदान वरच्यांच्या त्या विचारणेवर बोलायला काही तरी होतं.

तुम्ही वेळेवर विचारलंय, तर आजच तुमच्या साहेबांना सांगून ठेवा, जमलं तर मेलवर: पुढचे तीन-चार महिने शॉपमधलं रिजेक्शन वाढलेलं दिसेल, कस्टमरकडून परत येणारा माल आणि लाइन कंप्लेंट यांच्याकडे लक्ष ठेवा. दोन्ही आकडे एकाच कागदावर मांडत जा. आमच्या कंप्लेंट खाली यायला सहा महिने लागले. तेवढे दिवस छातीवर दगड ठेवून काढले.

‘आपले लोकच तसे आहेत’ असं तुमचे साहेब म्हणतीलच. तेव्हा त्यांना फ्रीमाँट सांगा. कॅलिफोर्नियातला जनरल मोटर्सचा हा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला, आणि गैरहजेरी व भांडणांसाठी त्याची कुप्रसिद्धी होती. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सने मिळून तोच कारखाना ‘नुमी’ या नावाने पुन्हा उघडला. कामगार बहुतांश तेच, युनियनही तीच. जुन्या काळात लाइन थांबवणं म्हणजे गुन्हा. आता प्रत्येकाच्या हाताशी दोरी आली. ओढली की टीम लीडर धावत यायचा आणि काय मदत हवी ते विचारायचा. वीस टक्क्यांच्या आसपासची गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली. मला यात जास्त बोलकं वाटतं ते पुढचं: जनरल मोटर्सने आपल्या इतर कारखान्यांत हीच पद्धत न्यायला घेतली, तेव्हा ती सहजासहजी रुजेना. दोरी होती, पण ओढणाऱ्यावर साहेब तापायचे. आमच्या चाकणलाही अँडॉनचा, म्हणजे अडचण आली की बटण दाबून लावायचा, दिवा बसवला होता. लाल लागला की पहिला प्रश्न यायचा, ‘कुणी लावला?’ थोड्याच दिवसांत त्या बटणावर धूळ बसली.

(गुणवत्तेचे अमेरिकन तज्ज्ञ डेमिंग, त्यांच्या चौदा मुद्द्यांत आठवा आहे, भीती हाकलून द्या, दहावा आहे, कामगारांसाठीच्या घोषणा आणि उपदेश बंद करा. आपल्याकडे आठव्या मुद्द्याचं पोस्टर छापून भिंतीवर लावतात.)

एक गोष्ट स्पष्ट बोलतो. यातलं काहीही पगाराच्या जागी चालत नाही. शेजारच्या कंपनीत दोन हजार जास्त मिळत असतील तर माणूस जाणार, आणि त्याने जावं. आणि सात महिन्यांच्या बोलीवर आलेल्या टेम्पररी मुलाने ‘खरं बोलावं’ ही अपेक्षा तर फारच. त्याचा ब्रेक, म्हणजे कामावरून थांबवणं, कधी येणार हे त्याला माहीत नसतं आणि तुम्हाला असतं. धोरण बदलणं तुमच्या हातात नाही, पण पुढे घेणार की नाही हे महिनाभर आधी त्याला सांगणं, त्याचा ओटी (ओव्हरटाइम) वेळेवर लागतोय का ते बघणं, कँटीनमध्ये कंत्राटी मुलांना वेगळ्या रांगेत उभं करत असतील तर ती रांग मोडणं, एवढं शिफ्ट इनचार्जला जमतं. मी रांग मोडली तेव्हा तक्रार वरून आली नाही, आमच्या परमनंट लोकांनीच केली. त्याचीही तयारी ठेवा.

आणि तुमच्या पाळीत एक हुकमी सुपरवायझर असेल. प्रॉडक्शन काढून देतो, तोंड घाण, सगळ्यांना माहीत, तरी कुणी बोलत नाही कारण टार्गेट त्याच्यामुळे होतं. माझ्याकडचा मी दीड वर्ष सांभाळला. त्याच्या हाताखालून सहा जण गेले आणि सहाही राजीनाम्यांवर कारण एकच, ‘घरगुती अडचण’. शेवटी त्याला माणसांवरून काढून टूल रूमला दिला. तिथे तो उत्तम काम करतो, अजूनही.

तुमच्या अकरा जणांच्या राजीनाम्यांवरही तसंच काहीतरी लिहिलेलं असेल. त्यांना फोन करा. रविवारी सकाळी, स्वतःच्या मोबाइलवरून, एचआरला मधे न घेता. परत येतोस का, असं विचारू नका, माणूस लगेच सावध होतो. सोडायचं कधी ठरवलंस आणि त्या दिवशी काय झालं होतं, एवढंच विचारा आणि मग ऐका, मधे कंपनीची बाजू मांडायला जाऊ नका. काही जण उचलणारही नाहीत. जे उचलतील त्यांच्यातले दोघे-तिघे जर एकाच आठवड्याचं किंवा एकाच माणसाचं नाव घ्यायला लागले, तर इथे खाली लिहा, पुढचं बोलू.