बीएमआय २९ आहे, पण सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. तरीही वजन कमी करायला हवे का?

आपण लिहिले आहे की आपला बीएमआय (किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २९ आहे, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल व्यवस्थित आहे, तरी डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितले. दुसरीकडे वजनाचा आणि आरोग्याचा काही संबंध नाही असे ठामपणे सांगणारेही आपण वाचले, आणि आता कोणाचे मानावे हे कळत नाही. मी डॉक्टर नाही. वैद्यकीय संशोधनातील आकडेवारी तपासणे हे माझे काम आहे आणि त्याच बाजूने उत्तर देतो.

या वादात तीन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले गेले आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. वजन जास्त असलेल्यांना धोका अधिक असतो का, हा पहिला. वजन उतरवल्याने तो धोका घटतो का, हा दुसरा. आणि नुसते ‘वजन कमी करा’ असे सांगितल्याने ते उतरते आणि उतरलेलेच राहते का, हा तिसरा. तिसऱ्याचे उत्तर बहुतेकांच्या बाबतीत ‘नाही’ असे येते, म्हणून काही जण पहिलाच प्रश्न निकालात काढतात. आणि पहिल्याचे उत्तर ‘हो’ आहे एवढ्यावर अनेक डॉक्टर तिसऱ्याचेही उत्तर गृहीत धरतात.

पहिल्या प्रश्नावरच सर्वांत मोठी झुंज झाली. २०१३ साली अमेरिकन संशोधक कॅथरीन फ्लेगल आणि सहकाऱ्यांनी ९७ अभ्यास एकत्र करून दाखवले की बीएमआय २५ ते ३० या गटातला मृत्युदर ‘नॉर्मल’ (१८.५ ते २५) गटापेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी कमी आहे. थोडे वजन असलेलेच बरे, असा अर्थ तेव्हा सर्वत्र लावला गेला. मात्र अशा तुलनेत एक अडचण असते. कर्करोग किंवा फुप्फुसांचा जुना आजार माणसाला मृत्यूच्या बऱ्याच आधीपासून बारीक करत आणतो, आणि धूम्रपान करणारेही सरासरीने बारीक असतात. हे सगळे लोक ‘नॉर्मल’ गटात मोजले गेले, तर त्या गटातले मृत्यू वाढलेले दिसतात, पण त्याचे कारण त्यांचे वजन नसते. २०१६ साली २३९ अभ्यासांच्या एका मोठ्या विश्लेषणात धूम्रपान करणारे, आधीपासून जुनाट आजार असलेले आणि अभ्यासाच्या पहिल्या पाच वर्षांत मृत्यू पावलेले लोक वगळण्यात आले. उरलेल्या सुमारे ३९.५ लाख लोकांत सर्वांत कमी मृत्युदर २० ते २५ या पट्ट्यात निघाला आणि आपला बीएमआय ज्या पट्ट्यात येतो त्या २७.५ ते ३० मध्ये तो सुमारे २० टक्क्यांनी अधिक. मला ही दुसरी पद्धत अधिक पटते. तरीही २० टक्के म्हणजे शंभरातले वीस जण अधिक दगावतात असे नव्हे. मूळ धोका जेवढा, त्याच्यात पाचव्या हिश्शाची भर. तरुण वयात मूळ धोकाच लहान असल्याने ही भरही लहान ठरते.

रिपोर्ट नॉर्मल असणे ही चांगलीच गोष्ट आहे, फक्त ती कायमची हमी नाही. वजन जास्त आणि तपासण्या उत्तम असलेल्यांपैकी बऱ्याच जणांची साखर किंवा रक्तदाब पुढे काही वर्षांत वाढलेला आढळतो.

बीएमआयबद्दलची तक्रार मात्र रास्त आहे. ॲडॉल्फ केटले या बेल्जियन सांख्यिकी-अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकात हे सूत्र ‘सरासरी माणूस’ शोधताना मांडले, रुग्ण तपासण्यासाठी नव्हे. उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन ७९ किलो असेल तर बीएमआय २९ येतो, मग ते वजन मांड्या-खांद्यांच्या स्नायूंचे असो की पोटातल्या अवयवांभोवती साठलेल्या चरबीचे. धोका मुख्यतः पोटातल्या या चरबीचा असतो. म्हणून घरी टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता घेर मोजा. तो उंचीच्या निम्म्याहून अधिक भरला तर डॉक्टरांच्या म्हणण्यात तथ्य आहे असे समजा. आशियाई वंशाच्या लोकांत ही चरबी कमी वजनावरही साठते, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी त्यांच्यासाठी बीएमआय २३ पासूनच लक्ष द्यावे असे २००४ साली सुचवले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आजाराप्रमाणे बदलते. टाइप २ मधुमेहात ते अगदी स्पष्ट आहे: ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत पंधरा किलो किंवा अधिक वजन उतरवलेल्यांपैकी ८६ टक्के लोकांचा मधुमेह वर्षभरात औषधांशिवाय आटोक्यात आला. याउलट अमेरिकेतल्या ‘लुक अहेड’ चाचणीत मधुमेह असलेल्या ५,१४५ जणांवर आहार-व्यायामाचा कसून प्रयोग झाला, पण हृदयविकाराचे झटके किंवा पक्षाघात कमी झाले नाहीत. मात्र तिथे पहिल्या वर्षी उतरलेले साडेआठ टक्के वजन पुढे काही प्रमाणात परत आले होते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

आता तिसरा प्रश्न. वजन परत येण्याला मनाचा दुबळेपणा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. वजन उतरले की भूक वाढवणारी संप्रेरके वाढतात, शरीर कमी ऊर्जा खर्चू लागते, आणि हे बरेच दिवस टिकते. नुसत्या सल्ल्याचा आणखी एक तोटा आहे. गुडघा दुखतो म्हणून गेलेल्या रुग्णाला न तपासताच ‘आधी वजन उतरवा’ सांगून परत पाठवले, तर तो पुढच्या वेळी जातच नाही, आणि मग खरा आजार उशिरा सापडतो.

आपल्या जागी मी डॉक्टरांना किलोंऐवजी हे विचारले असते: माझ्या घरात कोणाला मधुमेह किंवा हृदयविकार होता हे धरून माझा धोका किती, घोरणे किंवा यकृतातली चरबी तपासावी का, आणि साखर पुन्हा कधी बघायची. चालणे व स्नायूंचा व्यायाम आजच सुरू करा; काट्यावर फरक दिसला नाही तरी रक्तदाब, साखर आणि झोप यांवर त्याचा परिणाम होतो. आणि काहीही न करता वजन आपोआप उतरू लागले, तर आनंद मानत बसू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.