आवाज वाढवला की सबवूफर बंद पडतो, अॅम्प बदलावा का?

गाडीसाठी नवा अॅम्प (अॅम्प्लिफायर) इतक्यात घेऊ नका. तुम्ही लिहिलेलं वाचून माझा पहिला संशय डिकीतल्या अर्थिंगवर, म्हणजे अॅम्पची मायनस वायर गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या जागेवर, जातो. अॅम्पवर तो सगळ्यात शेवटी जाईल.

तुमची अडचण मला अशी समजली. कंपनीचा स्टिरिओ तसाच ठेवलाय. मागच्या दाराच्या स्पीकरच्या वायरींवरून कन्व्हर्टरने (स्पीकरचा सिग्नल अॅम्पजोगा करणारी डबी) सिग्नल घेऊन मोनो, म्हणजे एकाच चॅनेलच्या, अॅम्पला दिलाय आणि डिकीत दोन कॉइलचा १२ इंची सब आहे. हळू आवाजात तो झकास वाजतो. आवाज चढवला की बास पातळ होतो, आणि ढोलाचा जोरदार ठोका आला की लाल दिवा लागून अॅम्प क्षणभर बंद पडतो, मग आपोआप सुरू होतो. शिवाय गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. अॅम्पच्या टर्मिनलवर मीटर १२.६ व्होल्ट दाखवतो, त्यामुळे वायरिंग ठीक आहे आणि अॅम्पच गेलाय, असं बसवणाऱ्याचं म्हणणं.

ते १२.६ व्होल्ट गाणं बंद असताना मोजलेले आहेत ना? सगळी गोम तिथेच आहे. गाणं नसताना अॅम्प जेमतेम एखादा अँपिअर घेतो. तेवढ्यासाठी वायरीतली एकच तार टर्मिनलला चिकटलेली असली तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवेल. ठोका पडतो तेव्हा तोच अॅम्प ४०-५० अँपिअर ओढू शकतो. वाटेत कुठे नुसता ०.०४ ओहमचा कच्चा जोड असला, तरी ५० अँपिअरला तिथल्या तिथे २ व्होल्ट खर्च होतात, अॅम्पला वाटतं बॅटरी मेली आणि तो स्वतःला बंद करून घेतो. असा जोड मीटरच्या ओहम रेंजवर सापडत नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या दोन वायरींचाच रोध ०.२-०.३ ओहम असतो. म्हणून मोजायचं ते सब वाजत असताना, आणि व्होल्टमध्ये.

गाडी मोकळ्या हवेत उभी करून इंजिन चालू ठेवा. बहुतेक गाड्यांत बॅटरीवर तेव्हा १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसतात. फोनवर ५० हर्ट्‌झचा टोन (सलग एकाच सुराचा आवाज) घ्या, दुसऱ्या माणसाला आवाजाच्या बटणापाशी बसवा, आणि एका वेळी पाच-सात सेकंदच वाजवा. सलग टोनने कॉइल भराभर तापते. वाजत असताना अॅम्पच्या प्लस आणि ग्राउंड टर्मिनलवर काय दिसतं ते बघा. त्याच वेळी बॅटरीवर जेवढे आहेत त्यापेक्षा अर्धा व्होल्ट कमी असेल तर ठीक. दीड-दोन व्होल्ट कमी असतील तर चोर वायरिंगमध्ये आहे. बॅटरीचा स्वतःचाच आकडा १२ च्या खाली जात असेल, तर आधी बॅटरी आणि अल्टरनेटर तपासून घ्या.

चोर कोणत्या बाजूला आहे हे शोधायला एक लांब सुटी वायर लागेल. तिचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं मीटरच्या काळ्या प्रोबला, आणि लाल प्रोब अॅम्पच्या ग्राउंड टर्मिनलवर. आता टोन वाजवा. मीटरवर जो आकडा येईल तेवढे व्होल्ट अर्थिंगच्या वाटेत हरवतायत. ०.१-०.२ आला तर अर्थिंग चांगलं. प्लसची बाजूही अशीच मोजायची, फक्त बॅटरीच्या प्लसला लावायच्या सुट्या वायरीत तिथेच, बॅटरीजवळ, १ अँपिअरचा फ्यूज घाला. ती वायर पत्र्याला घासली तर ठिणगी पडून वायर पेटू शकते.

माझ्या गाडीत अर्थिंगचा हा आकडा १.८ आला होता. बसवणाऱ्याने मागच्या सीटखालच्या बोल्टला थिंबल (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) कसून दिलं होतं, हाताने हलवलं तरी जराही हलत नव्हतं. बोल्ट काढला तर खाली गाडीचा रंग जसाच्या तसा चकाकत होता. त्यावर थिंबलच्या कडेची एक बारीक गोल रेघ उमटलेली, आणि त्या रेघेवर एका जागी मोहरीएवढा काळा पडलेला डाग. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याचा करंट त्या डागातून आणि बोल्टच्या आट्यांतून वाट काढत होता. पॉलिश पेपरने रंग आणि त्याखालचा प्रायमर घासून रुपयाएवढा पांढरा पत्रा उघडा केला, दातेरी वॉशर घालून थिंबल पुन्हा कसलं आणि गंज धरू नये म्हणून वरून ग्रीस लावलं. मग मोजलं तर ०.०९. त्यानंतर लाल दिवा लागलेला नाही. म्हणूनच तुम्हाला इतकं कळकळीने सांगतोय. मीही तेव्हा नव्या अॅम्पच्या शोधात होतो.

अर्थिंगची वायर प्लसच्या वायरीइतकीच जाड आणि शक्यतो अर्ध्या मीटरच्या आत असावी. सीटबेल्टचा बोल्ट त्यासाठी वापरू नका, तो जीव वाचवायला आहे. नवं भोक पाडणार असाल तर आधी गाडीखाली वाकून इंधनाची टाकी किंवा पाइप त्या जागी नाही ना, ते बघा. कुणी ‘अर्थिंग थेट बॅटरीच्या मायनसला घेऊ’ म्हणालं, तर नव्या गाड्यांत त्या टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो हे लक्षात ठेवा. वायर सेन्सरच्या अलीकडे, बॅटरीच्या खांबालाच जोडली तर त्याचा हिशेब चुकतो.

प्लसच्या बाजूला आकडा मोठा आला तर फ्यूज होल्डर उघडा. हा होल्डर बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत असायला हवा, नसेल तर आधी ते करून घ्या. त्यातल्या स्क्रूखाली वायर सैल झालेली किंवा हिरवट बुरशी आलेली बऱ्याचदा सापडते. वायर सोलून आतल्या तारा चाकूने खरवडून बघा. लाल थराखाली चंदेरी दिसलं, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर आहे, आणि तेवढाच करंट न्यायला ती शुद्ध तांब्यापेक्षा एक माप जाड लागते.

वायरिंग स्वच्छ निघालं तर सबचं जोडकाम बघा. दोन्ही कॉइल ४-४ ओहमच्या असतील तर समांतर जोडल्यावर २ ओहम आणि एकापुढे एक जोडल्यावर ८ ओहम होतात. पण कॉइल २-२ ओहमच्या असल्या आणि समांतर जोडल्या, तर अॅम्पला १ ओहम दिसतो. २ ओहमपर्यंतच चालणारा अॅम्प मग मोठ्या ठोक्याला लाल दिवा लावणारच. अॅम्प बंद करून सबची वायर त्याच्या टर्मिनलवरून काढा आणि तिथेच ओहम मोजा. मीटरच्या दोन्ही प्रोब एकमेकींना टेकवून आधी जो आकडा येतो तो वजा करा. उरलेला आकडा छापील ओहमपेक्षा थोडा कमी येतो, २ ओहमला १.७ वगैरे, आणि ते बरोबर आहे.

एक कॉइल उलटी जोडलेली असेल तर दोन्ही कॉइल एकमेकींविरुद्ध ओढतात, कोन (सबचा पुढचा हलणारा पडदा) जागचा हलत नाही आणि बास जवळजवळ नाहीसा होतो. तुमचा हळू आवाजात नीट वाजतो, म्हणजे ही चूक नसावी. खात्री हवी असेल तर वायरी सोडवून प्रत्येक कॉइलला १.५ व्होल्टचा साधा सेल क्षणभर लावा, सेलचा प्लस कॉइलच्या प्लसला. दोन्ही वेळा कोन बाहेरच उडी मारायला हवा.

आता बास पातळ होण्याचं. त्यात ना अॅम्पचा दोष आहे ना वायरिंगचा, असा माझा अंदाज आहे. कंपनीचे अनेक स्टिरिओ दारातले छोटे स्पीकर फाटू नयेत म्हणून आवाज वाढेल तसा बास स्वतःच कापत जातात. तुम्ही सिग्नल त्याच वायरींवरून घेतलाय, मग कापलेलाच बास सबला मिळतो. तपासणी सोपी आहे. सब सुटा करा, मीटर एसी व्होल्टवर ठेवून मागच्या स्पीकरच्या दोन वायरींवर लावा, ५० हर्ट्‌झचा टोन वाजवा आणि आवाज दोन-दोन घरांनी चढवत आकडे लिहून काढा. मग हेच २०० हर्ट्‌झच्या टोनवर करा. त्याहून फार वरचा टोन घेऊ नका, साधे मीटर तिथे चुकतात. २०० चे आकडे चढत राहिले आणि ५० चे मध्येच अडखळले, तर बास स्टिरिओ कापतोय. त्यावर उपाय दोन: गेलेला बास पुन्हा भरून काढणारा प्रोसेसर कन्व्हर्टरच्या जागी लावणं, किंवा तुमच्या रोजच्या ऐकण्याच्या आवाजाला धरून अॅम्पवरचा गेन (तो काय ते पुढे सांगतो) लावून समाधान मानणं. गेन वाढवत नेणं हा उपाय नाही, त्याने हळू आवाजात गाडी घुमते आणि मोठ्या आवाजात पुन्हा तेच.

गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, स्टिरिओकडून येणाऱ्या सिग्नलशी अॅम्पचा मेळ घालायची ती जागा आहे. सबची वायर काढून ठेवा, बास बूस्ट शून्यावर ठेवा, आणि वरच्या तपासणीत ५० हर्ट्‌झला सगळ्यात मोठा आकडा ज्या घरावर आला तिथे स्टिरिओ ठेवा. अॅम्पच्या आउटपुटवर एसी व्होल्ट बघत गेन हळूहळू चढवा. किती व्होल्टवर थांबायचं? वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. समजा ३०० वॅट आणि २ ओहम, तर ६०० चं वर्गमूळ, साधारण २४.५ व्होल्ट. लो पास फिल्टर (फक्त खालचे सूर सबकडे सोडणारा) ८० हर्ट्‌झच्या आसपास ठेवा.

बॅटरी उतरण्याचं कारण रिमोटच्या, म्हणजे अॅम्पला चालू-बंद व्हायचा इशारा देणाऱ्या, वायरीत शोधा. कंपनीच्या स्टिरिओला बहुधा रिमोटची वायर नसते, म्हणून कुणीतरी ती कायम चालू असलेल्या वायरीला जोडून देतं आणि अॅम्प रात्रभर जागा राहतो. एक अँपिअर जरी जात राहिला तरी २४ तासांत २४ अँपिअर-तास जातात, ४५ च्या बॅटरीची निम्मी ताकद. किल्ली काढा, दारं लावा, काही मिनिटं थांबा आणि अॅम्पच्या रिमोट टर्मिनलवर मोजा. तिथे शून्य हवं. १२ दिसले तर ती वायर किल्लीबरोबर चालू-बंद होणाऱ्या एखाद्या साध्या सर्किटच्या फ्यूजवरून घ्या, एअरबॅगच्या फ्यूजला हात लावू नका. कन्व्हर्टरला रिमोट आउटपुट असेल तर तेच वापरा. असे कन्व्हर्टर स्पीकरच्या वायरींवर बॉडीच्या मानाने असलेले साधारण ६ व्होल्ट ओळखून जागे होतात. हे ६ व्होल्ट स्पीकरच्या दोन्ही वायरींवर असतात, त्यामुळे काळी वायर मायनस समजून बॉडीला जोडायची चूक करू नका. स्टिरिओच्या आतली आयसी त्याने जळू शकते.

हे सगळं झाल्यावरही लाल दिवा लागलाच, तर सबची वायर काढून बघा. दिवा गेला तर दोष सबमध्ये किंवा त्याच्या वायरीत. नाही गेला तर आरसीएही (कन्व्हर्टरकडून अॅम्पला सिग्नल आणणारी वायर) काढा. सब आणि आरसीए दोन्ही सुटे, अॅम्पवर १४ च्या आसपास व्होल्ट, अर्थिंग चांगलं, आणि तरी लाल दिवा, असं दिसलं तर अॅम्प दुरुस्तीला द्या.