सोडू का विचारणाऱ्या ट्रेनी भावाला

तू लिहिलं की नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत ट्रेनी म्हणून लागून तीन महिने झाले, सुट्टी साडेपाचला पण साहेब उठल्याशिवाय कोणी उठत नाही, चुकलं की चारचौघांत झापतात, अन् ऑपरेटर "इंजिनियर साहेब" म्हणून मजा घेतात. सोडू का?

ऑपरेटरचं पहिले सांगतो. माझा पहिलाच महिना, एका हाऊसिंगचा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, होता २५ एच७, म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिमी चालते, सगळी सूट २१ मायक्रॉन, म्हणजे ०.०२१ मिमी. मी ऐटीत व्हर्नियर लावला, ज्याचा लीस्ट काउंटच, म्हणजे मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ मिमी, म्हणजे त्याची एक रेघ अन् पूर्ण सूट जवळपास सारखीच, अन् ओके लिहून मोकळा. मशीनवरचे काका काही बोलले नाहीत, ड्रॉवरमधून प्लग गेज, म्हणजे भोकात घालून माप तपासायचा दांडा, काढून माझ्या हातात ठेवला फक्त. गो साईडच, म्हणजे जी आत जायलाच पाहिजे ती बाजू, आत जाईना! तोवर चाळीस पीस निघाले होते. बोअर लहान होता म्हणून परत मशीनवर चढवून वाचले, मोठा झाला असता तर सगळे भंगारात. काकांनी साहेबाला सांगितलं नाही, डबा खाताना एवढंच म्हणाले, "डिग्री घरी ठेवून येत जा बाबू, इथं विचारत जा." विचारायला लागलो तसे टोमणे आपोआप बंद.

झापण्याचं म्हणशील तर, काय चुकलं ते सांगून ओरडणारा चालते, आईबापावर जाणारा नाही चालत. मी एकदा केबिनमध्ये जाऊन म्हटलं, सर शॉप फ्लोअरवर सगळ्यांसमोर बोलता, मग पोरं माझं ऐकत नाहीत अन् तुमचंच प्रॉडक्शन अडते. प्रॉडक्शन म्हटल्यावर बरोबर समजलं त्यांना.

आठपर्यंत बसणाऱ्यातले निम्मे मोबाईल पाहून राहिले असतात, जरा नीट बघ. काम उरलं तर बस, नाहीतर आज काय झालं, उद्या काय, दोन वाक्यांत सांगायचं अन् लोकमान्य नगरहून मेट्रो पकडायची. आठ दिवस तोंड वाकडं करतील, मग सवय होते.

फक्त बाँडसाठी, म्हणजे ठरल्या मुदतीआधी सोडणार नाही या करारासाठी, ओरिजिनल मार्कशीट मागितल्या तर देऊ नको बे, झेरॉक्स दे. माझ्या बॅचच्या एकाच्या अडकल्या होत्या, सोडवता सोडवता दुसरी ऑफर गेली त्याची.

अन् हो, बोअर गेज, म्हणजे भोकाचं आतलं माप घ्यायचं साधन, सेट करता येते का तुला? नसेल येत तर उद्याच ऑपरेटरला धर, तर्री पोहे तुझ्याकडून.