मैत्रिणीची ऑर्डर, आपली पोटदुखी

प्रश्न : मी आणि माझी मैत्रीण दोघी घरी शाळेचे युनिफॉर्म शिवतो. यंदा तिला एका शाळेची थेट ऑर्डर मिळाली, मी अजून दुसऱ्याच्या कारखान्याचं जॉबवर्कच करते. तोंडावर अभिनंदन केलं, पण आता तिचा फोन उचलावासा वाटत नाही. त्यातलं थोडं काम तिने मला देऊ केलंय. घेऊ का? – एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : तिच्या मुलीला दहावीला नव्वद टक्के पडले असते, तर तुम्ही गल्लीभर पेढे वाटले असते. नवी पेठेतल्या मोठ्या दुकानदाराला ऑर्डर मिळाली असती, तर कानावरून गेलं असतं. माणूस जवळचा आणि यश नेमकं आपल्याच कामातलं, तेव्हाच ते बोचतं. अब्राहम टेसर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात हेच मांडलं. तेव्हा स्वतःला वाईट मनाची ठरवू नका.

मात्र एक तपासा. उद्या तिची ऑर्डर रद्द झाली, तर पहिल्यांदा काय वाटेल? हळहळ वाटणार असेल तर काम जरूर घ्या. बरं वाटणार असेल तर यंदा थांबा. अशा मनाने शिवलेल्या मालावरून भांडण होतंच.

काम घ्यायचं तर 'मैत्रीत कसला हिशोब' हे वाक्य आधी बाजूला ठेवा. बहुतेक जोड्या तिथेच फुटतात. नगाचा दर, कटिंग कोण करणार, दोरा-बटणं कुणाची, काज-बटण आणि इस्त्री कुणाकडे, परत आलेला नग कोण उसवून शिवणार, पैसे तिचं बिल निघाल्यावर की माल दिल्यावर, हे सगळं वहीत लिहून दोघींनी सह्या करा. सुरुवातीला एकाच मापाचे पन्नास नग घ्या. तिने मंजूर केलेला एक नमुना मशीनशेजारी टांगून ठेवा, कारण कॉलर जुळली नाही तर शाळा तिला बोलते आणि ती तुम्हाला. जूनच्या मध्यात शाळा उघडतात. मे अखेरची तारीख लिहून घ्या. तिच्यामागून त्या शाळेत स्वतःचा दर सांगायला जाऊ नका. दुसऱ्या शाळा आहेत की!

आणि फोन उचला. 'आनंद झाला गं, पण मला का नाही, असंही वाटलं,' एवढं एकदाच सांगा. लगेच ऑर्डरबद्दल दोन खरे प्रश्न विचारा : नमुना कुणी पास केला, ॲडव्हान्स किती मिळाला? पुढच्या वर्षी तुम्हालाही ते उपयोगी पडेल. भिशीत मात्र हा विषय नको, तिथलं बोलणं संध्याकाळपर्यंत तिच्या घरी पोचतं.

प्रश्न : पुण्यात नोकरी लागल्यापासून सोलापूरचा जिवलग मित्र चारचौघांत टोमणे मारतो, 'आले पुणेकर!' काय करू? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : हुतात्मा एक्स्प्रेसने उतरलात की थेट कट्ट्यावर जाऊ नका. आधी त्याला एकट्याला भेटा. टोमण्याला प्रेक्षक लागतात. पगार विचारला तर खरा सांगा, लपवलेला आकडा नंतर कळला की जास्त झोंबतो. न विचारता 'तूही पुण्याला ये' म्हणू नका. गाडी, शेती, घरबांधणी, त्याला ज्यातलं जास्त कळतं त्यात त्याचा सल्ला घ्या, पण खरंच गरज असेल तरच. खोटं विचारलेलं त्याला लगेच कळेल.