मुंबईत सुपारी घेणारे शूटर खरंच सिनेमातल्यासारखे असतात का? आणि साध्या दुकानदाराला 'भाई'चा फोन आला तर त्याने काय करावं?

आधी शूटरचं सांगतो, कारण भीती त्याचीच जास्त असते आणि या धंद्यात सगळ्यात स्वस्त माणूसही तोच असतो. सुपारी आपण तमाशाची देतो, बँडचीही देतो. इथला व्यवहारही तसाच चालतो: ठरवणारा एक, विसार घेणारा दुसरा, प्रत्यक्ष कामाला जाणारा तिसराच. नगरसेवक कमलाकर जामसांडेकर यांना २ मार्च २००७ रोजी घाटकोपरला राहत्या घरात गोळी घातली. त्या खटल्यात सुपारीचा आकडा ३० लाखांचा, म्हणजे यांच्या भाषेत ३० पेट्यांचा होता. टोळीचा म्होरक्या अरुण गवळीला २०१२ मध्ये त्यात जन्मठेप झाली. अशा रकमेचा मोठा भाग वरच मुरतो. गोळी झाडणाऱ्या पोराला बऱ्याचदा समोरचा माणूस कोण हेसुद्धा धड माहीत नसतं.

खरं काम 'फिल्डिंग'चं असतं, म्हणजे माणूस किती वाजता, कुठून, कोणाबरोबर निघतो हे हेरण्याचं. १६ जानेवारी १९९७ रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंत पवईच्या घरून निघाले आणि वाटेतच गाडी अडवून त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्याच वर्षी १२ ऑगस्टला टी-सिरीज कंपनीचे गुलशन कुमार अंधेरीच्या ज्या देवळाबाहेर मारले गेले, तिथे दर्शनाला जाण्याचा त्यांचा नेम होता. म्हणून धमकी आली की पहिल्याच दिवसापासून निघायची वेळ आणि रस्ता बदला, आणि तो बदल घरच्यांपलीकडे कोणाला सांगू नका. तुमची 'टिप' गँगला बहुतेक वेळा जवळूनच गेलेली असते: जुना नोकर, बिनसलेला भागीदार, उधारीवरून भांडलेला ओळखीचा.

दुकानदाराची गाठ शूटरशी सहसा पडत नाही. पडते ती फोनवरच्या आवाजाशी, नाहीतर हफ्त्याला येणाऱ्या पंटरशी, म्हणजे टोळीच्या हरकाम्या पोराशी. हल्ली फोन इंटरनेटवरून येतो, नंबर परदेशी दिसतो. मोठ्या भाईचं नाव घेणारा गल्लीतलाच कोणी असू शकतो, पण तो खरा की खोटा हे तुम्ही ठरवायला बसू नका.

फोन कापू नका, हुज्जत घालू नका, आकडा कबूल करू नका. "जुळवाजुळव करायला वेळ लागेल" एवढंच बोला. स्पीकर लावून दुसऱ्या मोबाइलवर रेकॉर्ड करा. फोन संपताच वहीत लिहा: तारीख, वेळ, नंबर, बोलीचा बाज, मागे ऐकू येणारे आवाज आणि त्याचे शब्द जसेच्या तसे, शिव्यांसकट. मेसेज पुसू नका, सिम बदलू नका, मोबाइल रिसेट करू नका. नव्या साक्ष कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे रेकॉर्डिंगसोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा 'अ' भाग तुम्ही भरायचा, 'ब' भाग तज्ज्ञाने. मूळ मोबाइलच हरवला किंवा पुसला गेला, तर हा पुरावा कोर्टात लंगडा पडतो.

सगळ्यात महागात पडते ती मांडवली. कोणीतरी 'ओळखीचा' येतो आणि ५० पेट्यांची मागणी १० वर आणून देतो म्हणतो. त्याला हो म्हटलं की तुम्ही देणारे आहात हे गँगला कळलं. पुढच्या वर्षी फोन पुन्हा येतो, आणि एकदा दिलेले पैसे लपवावेसे वाटतात म्हणून तक्रारही अडते.

त्याच दिवशी पोलीस ठाण्यात किंवा गुन्हे शाखेच्या खंडणीविरोधी पथकाकडे जा. तक्रारीत किती मागितले, कोणाच्या नावाने मागितले आणि न दिल्यास काय करणार म्हणाला, या तिन्ही गोष्टी हव्यात. नुसतं "धमकी दिली" लिहिलं तर प्रकरण एनसीवर, म्हणजे अदखलपात्र नोंदीवर भागवलं जाऊ शकतं, आणि तिच्यात पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करत नाहीत. पैशाची मागणी आणि जिवाची भीती दोन्ही स्पष्ट असतील, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८ लागतं आणि गुन्हा दखलपात्र ठरतो. खंडणीसाठी जिवाची भीती घातली, तर पैसे दिलेले नसतानाही ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

गँगचं नाव लिहायला लोक घाबरतात, पण फोनवर ते घेतलं गेलं असेल तर लिहाच. १९९९ चा मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा, लावायला टोळीवर मागच्या १० वर्षांत एकाहून जास्त आरोपपत्रं असावी लागतात. ती जोडणी पोलीस करतात, मात्र दुवा तुमच्या जबाबातून मिळतो. मोक्का लागला की जामीन फार अवघड होतो, आरोपपत्राची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवून मिळते आणि संघटित गुन्ह्याला किमान ५ वर्षांची शिक्षा आहे.

एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. ठाण्यात नोंद घेतली नाही, तर तोच मजकूर उपायुक्तांना रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. तिथेही काही हललं नाही तर वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, आणि तेव्हा ती पावती लागते.