प्रश्न तुमचे, उत्तर भूलतज्ज्ञांचं : स्नायू-सांध्यांचे आजार आणि भूल

प्रश्न : माझ्या ११ वर्षांच्या मुलाला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू झिजवणारा जन्मजात आजार) आहे. टाचेमागचा स्नायुबंध आखडल्यामुळे ऑपरेशन ठरलंय. ओळखीच्या एका पालकांनी ‘गॅसची भूल देऊ देऊ नका’ असं बजावलं. यात तथ्य आहे का?

उत्तर : आहे. या मुलांमध्ये डिस्ट्रोफिन हे प्रथिन तयार होत नाही, त्यामुळे स्नायुपेशींचं आवरण तकलादू राहतं. नळी घालण्याआधी स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलीन त्यांना वर्ज्यच. त्यानं पेशींतलं पोटॅशियम एकदम रक्तात उतरतं आणि हृदय बंद पडू शकतं. सेव्होफ्लुरेनसारख्या वायूंनीही स्नायूंची अशीच मोडतोड होऊ शकते, कधी कधी तर ऑपरेशन संपून मूल जागं होत असताना. नायट्रस ऑक्साइडला मात्र ही बंदी लागू नाही.

म्हणून भूल शिरेतून द्यावी, प्रोपोफॉल आणि रेमिफेंटॅनिलनं. मशीनचे व्हेपरायझर (भुलेचा वायू सोडणारे भाग) काढायचे, सर्किट (श्वासाच्या नळ्या) आणि सोडा लाइम (कार्बन डायऑक्साइड शोषणारे खडे) नवे लावायचे आणि जोरदार प्रवाहानं उरलासुरला वायू धुऊन काढायचा. जुन्या मशीनला १०-२० मिनिटं पुरतात, काही नव्या मशीनना तासाहून जास्त वेळ लागतो. यासाठी यादीत पहिला नंबर मागून घ्या. कोळशाचे फिल्टर असतील तर हा वेळ बराच वाचतो. एवढं करूनही हृदय थांबलंच, तर पोटॅशियम वाढलंय असंच धरून आधी कॅल्शियम द्यायचं, पाठोपाठ इन्सुलिन-ग्लुकोज.

आधीच्या तपासण्यांत ईसीजी, ताजा इको आणि फुप्फुसांची क्षमता हवीच. चालणं थांबलेल्या मुलाला दम लागत नाही, म्हणून हृदय ठीक आहे असं समजू नये; ते थकलेलं असलं तरी लक्षात येत नाही. फुप्फुसांची क्षमता अपेक्षित आकड्याच्या ५० टक्क्यांखाली असेल, तर मास्कच्या श्वासयंत्राची आणि खोकला काढणाऱ्या यंत्राची सवय ऑपरेशनआधीच करून घ्यावी. डेफ्लाझाकोर्ट किंवा प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड चालू असेल तर ते बंद करू नका. ऑपरेशनच्या दिवशी हायड्रोकॉर्टिझोन या स्टेरॉइडचा जादा डोस लागतो.

ऑपरेशननंतरची एक चूक फार सहज होते. सॅच्युरेशन घसरलं की नुसता ऑक्सिजन लावला जातो. बोटावरचा आकडा ९८ दिसतो, पण श्वास उथळच राहतो आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत जातो. मूल पेंगतं, आणि सगळ्यांना वाटतं भूल अजून उतरायची आहे. अशा वेळी कार्बन डायऑक्साइड मोजायला सांगा. या मुलांना श्वासाचा आधार लागतो, नुसता ऑक्सिजन पुरत नाही.

प्रश्न : मला मायस्थेनिया ग्रॅव्हिस (स्नायू लवकर थकण्याचा आजार) आहे, थायमस ही छातीतली ग्रंथी काढायची आहे. त्या दिवशी सकाळची पायरिडोस्टिग्मीन (या आजाराची नेहमीची गोळी) घ्यावी का?

उत्तर : बहुतेक वेळा घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात, परस्पर बंद करू नका. तुमच्या आजारात रोक्युरोनियमसारखी स्नायू सैल करणारी औषधं थोड्या डोसातही खूप वेळ काम करतात. म्हणून ती बेतानं द्यायची आणि अंगठ्याची हालचाल मोजणारा मॉनिटर भूल चढल्यावर, पण रोक्युरोनियम देण्याआधी लावायचा. तुमचा मूळचा आकडाच कमी असू शकतो. उतारा म्हणून सुगामाडेक्स चांगलं : मॉनिटरच्या चार झटक्यांपैकी दोनांना अंगठा हलत असेल तर किलोमागे २ मि.ग्रॅ., असर अजून खोल असेल तर ४. निओस्टिग्मीन पायरिडोस्टिग्मीनच्याच जातीचं, त्यामुळे दोन्हींची भर पडून लाळ, स्राव आणि अशक्तपणा वाढू शकतो. आजार ६ वर्षांहून जुना, गोळी दिवसाला ७५० मि.ग्रॅ.च्या वर किंवा फुप्फुसांची क्षमता २.९ लिटरपेक्षा कमी असेल, तर नंतर व्हेंटिलेटर लागण्याची शक्यता धरून आयसीयूची खाट आधीच ठरवावी. जेंटामायसिन हे अँटिबायोटिक आणि मॅग्नेशियम यांनी स्नायू आणखी ढिले पडतात, हे वॉर्डातल्या नर्सनाही सांगा.

प्रश्न : २० वर्षांचा संधिवात (रूमॅटॉइड), गुडघा बदलायचा आहे, भूल पाठीतूनच देणार. मग मानेचा एक्स-रे कशाला?

उत्तर : कारण पाठीतली भूल पुरली नाही किंवा फार वर चढली, तर घाईत नळी घालावी लागते. संधिवातात मानेचे पहिले दोन मणके एकमेकांवरून सरकू शकतात, आणि नळी घालताना मान वाकवली तर मज्जारज्जू दबतो. मान पुढे-मागे वाकवून काढलेल्या फोटोत या मणक्यांमधली फट ३ मि.मी.पेक्षा जास्त दिसली, तर मान न हलवता व्हिडिओ लॅरिंगोस्कोप किंवा फायबरस्कोपनं नळी घालायची तयारी आधीच ठेवतात. आवाज घोगरा झाला असेल तर तेही सांगा. स्वरयंत्राचा छोटा सांधा आखडलेला असू शकतो, मग नेहमीपेक्षा बारीक नळी लागते.