धीर देताना : वाचकांचे प्रश्न

अपघात, हल्ला, आग, बलात्कार, डोळ्यांदेखत झालेला मृत्यू. अशा प्रसंगातून आलेल्या माणसाशी जवळच्यांनी वागायचं कसं, हे विचारणारी पत्रं सतत येतात आणि त्यांतले गैरसमजही तेच ते असतात. म्हणून काही उत्तरं एकत्र देतो.

प्रश्न : अपघातातून वाचलेल्या मैत्रिणीला भेटायला जायचंय. काय बोलू?

उत्तर : ‘मी आहे, काय लागेल ते सांग,’ एवढं पुरे. ‘थोडक्यात निभावलं’ हे मात्र म्हणू नका.

प्रश्न : धाकट्या दिरावर चाकूहल्ला झाला, त्याला पंधरा दिवस झाले. तो गप्प गप्प असतो. आत साचू नये म्हणून रोज संध्याकाळी आम्ही त्याला समोर बसवून सगळं सांगायला लावतो. सांगताना त्याला घाम फुटतो, आणि रात्रभर तो जागा असतो. पण मोकळं तर व्हायला हवं ना?

उत्तर : हे आजच थांबवा. तुमच्या मायेबद्दल शंका नाही. पण त्याला काय होतंय ते तुम्हीच लिहिलंय.

‘बोलून टाकलं की हलकं वाटतं’ ही समजूत इतकी घट्ट आहे की एके काळी तज्ज्ञसुद्धा घटनेनंतर थोड्याच दिवसांत एका बैठकीत सगळं तपशीलवार वदवून घेत. २००२ साली कोक्रेन या वैद्यकीय संशोधन पारखणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात या पद्धतीवरचे अभ्यास एकत्र तपासले गेले. पुढे होणारा पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा तणावविकार, त्यामुळे टळतो असं दिसलं नाही. एका अभ्यासात तर वर्षभरानंतर त्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं. तरीही घरोघरी हेच चालू आहे, याचा मला त्रास होतो. तज्ज्ञ उपचारांत त्या आठवणीकडे जातातच, पण माणसाच्या संमतीने, त्याची तयारी करून घेऊन आणि कुठे थांबायचं हे ठरवून. नातेवाइकांच्या घोळक्यात होते ती उलटतपासणी.

मग करायचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचारांच्या मार्गदर्शिकेत तीन कामं सांगितली आहेत : पाहा, ऐका, मदतीशी जोडून द्या. तो सुरक्षित आहे का, जखम भरतेय का, जेवतो का, हे पाहा. आपणहून बोलेल तेवढं ऐका. मध्येच थांबला तर ‘मग पुढे?’ म्हणू नका. जबाबासाठी सोबत जाणं, कामावर कळवणं, डॉक्टरांची वेळ घेणं यांत हात द्या. आणि लहानसहान निर्णय त्याच्यावर सोडा : रात्री दिवा चालू ठेवायचा का, खोलीचं दार उघडं हवं की बंद, आलेल्या माणसाला भेटायचं की नाही. हल्ल्याच्या वेळी त्याच्या हातात काहीच उरलं नव्हतं. आता ‘आज कोणी नको’ असं तो म्हणाला आणि तुम्ही पाहुण्यांना खरोखर दारातूनच परत पाठवलंत, तर त्याला जे वाटेल ते तुमच्या शंभर प्रश्नांनी वाटणार नाही.

गप्प राहणं म्हणजे आजार असं नव्हे. पण झोप उडाली आहे, तेव्हा याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : माझी झोपेची गोळी त्याला दिली तर चालेल का? (याच बाईंचा पुढचा प्रश्न.)

उत्तर : नाही. दारूही नको. घटनेनंतरच्या पहिल्या महिन्यात आघाताच्या लक्षणांसाठी अल्प्राझोलाम, डायझेपाम या गटातली, म्हणजे मन शांत करून झोप आणणारी औषधं देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये सांगितलं आहे. औषध लागेल की नाही हे डॉक्टर ठरवतील.

प्रश्न : बहिणीवर काल अत्याचार झाला. ‘ओरडली का नाहीस?’ असं घरातलेच विचारताहेत.

उत्तर : तो प्रश्न घरात पुन्हा कोणी उच्चारू नये. प्रचंड भीतीत शरीर गोठतं, आवाज फुटत नाही. ते तिच्या इच्छेवर नसतं. तिला आजच रुग्णालयात न्या. एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, गर्भधारणा रोखणारी गोळी पाच दिवसांच्या आत. दोन्ही जितकी लवकर तितकी बरी. अब्रूच्या चर्चेत हे तास घालवू नका. तपासणीला आणि पुढच्या प्रत्येक गोष्टीला तिचा होकार घ्या. जवळ घेण्यापूर्वीसुद्धा विचारा.

प्रश्न : ‘एका दिवसाच्या शिबिरात आघात मुळापासून बरा’ अशी जाहिरात पाहिली. पाठवू का भावाला?

उत्तर : पैसे वाचवा. आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तनोपचार (विचार आणि वागणं हळूहळू बदलणारा संवादोपचार) आणि ईएमडीआर (आठवण मनात आणून डोळ्यांच्या हालचाली करवून घेणारा उपचार) हे पारखलेले उपचार आहेत; त्यांना सहसा कित्येक आठवडे लागतात, आणि ते करणारा जबाबदार माणूस हमी देत नाही. उपचारकाची पदवी आणि नोंदणी विचारा. विचारलेलं आवडलं नाही, तर उठून या.

प्रश्न : आगीतून वाचलेले वडील आठ महिने दचकून उठतात, स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाहीत. ‘काळ हेच औषध’ म्हणून थांबलोय. हल्ली ‘मी नसतो तर बरं’ म्हणतात.

उत्तर : आठ महिने! बहुतेक माणसं आपल्यांच्या आधाराने पहिल्या काही आठवड्यांत सावरू लागतात, हे खरं. पण महिन्यानंतरही भयस्वप्नं, दचकणं, टाळाटाळ चालू असेल तर तज्ज्ञांकडे जायलाच हवं. त्यांचं ते वाक्य तर आजच डॉक्टरांच्या कानावर घाला. ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ हे त्यांना सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. गोळ्या, कीटकनाशक हाताशी ठेवू नका, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्यांना एकटं सोडू नका.